डाव्या बाजूचं वजन

माझी मोटरसायकल डावीकडे ओढते हे मला सरळ रस्त्यावर कधी कळलं नाही. कळलं ते वळणावर, आणि चांगलंच लक्षात राहील अशा रीतीनं. भंडाऱ्याहून भाजी घेऊन पुलावरून कारध्यात येत होतो. घराकडे जायला उजवीकडे वळायचं. रोजचं वळण. मी गाडी झुकवली, पण ती वळेचना. बाहेर बाहेर जात डाव्या कडेच्या मुरमावर उतरली आणि तिथंच थांबली. मी पडलो नाही, पण पिशवीतली वांगी रस्ताभर झाली. ती वेचत असताना समोरच्या ओट्यावर बसलेला शेजारी म्हणाला, "भाऊ, आता सोडा गाडी चालवनं. उमर झाली आपली."

मला भलताच राग आला. माझी सगळी नोकरी लाइनमन म्हणून गेली. भर पावसात खांबावर चढून तारा जोडल्या आहेत. जमिनीवर माझा तोल जातो असं कोणी म्हटलं तर ते मला सहन होत नाही. वांगी भरली आणि त्याच्याकडे न बघता घरी आलो. एक वांगं राहून गेलं होतं, ते त्यानं संध्याकाळी आणून दिलं, म्हणून राग आणखी वाढला.

माझी मुलगी नदीपलीकडे भंडाऱ्यात राहते. नर्स आहे. कारध्यात कोणी शिंकलं तरी तिला तिकडे कळतं. दुसऱ्या दिवशी ड्युटी संपवून आली ती थेट गाडीकडेच गेली, मग माझ्याकडे.

"बाबा, मले सारं कळलं. मंडईले तुमी या गाडीनं नाई जायचं. आमी कारनं नेऊ तुमाले."

दिवाळी झाली की आमच्याकडे गावोगाव मंडई भरते. दुकानं लागतात, नाचगाण्याची दंडार होते, नाटक होतं, आणि मुख्य म्हणजे सासरी गेलेल्या लेकी माहेरी येतात. माझ्या बायकोचं माहेर आंबागड, तुमसरच्या पुढं, किल्ल्याच्या डोंगराखाली. ही गाडी घेतली त्या वर्षापासून आम्ही दोघं तिथल्या मंडईला हिच्यावरूनच जात आलो. मुलगी लहान होती तेव्हा ती टाकीवर, मोठी झाल्यावर तिची ती. मागे कायम एकच माणूस. नेसूची साडी सावरून, दोन्ही पाय डावीकडे सोडून, उजवा हात माझ्या खांद्यावर ठेवून बसलेलं.

मागच्या वर्षी पावसाळ्यात ती गेली. तापाचं निमित्त झालं. त्या वर्षी कुठली दिवाळी आणि कुठली मंडई. यंदा मात्र तिच्या भावाचा फोन आला होता, "भाऊजी, यंदा तं तुमाले या लागते. तुमी नाई आले तं आमाले मंडई कशी वाटन?" मी येतो म्हणालो होतो. येतो म्हणताना माझ्या डोळ्यासमोर गाडीच होती.

कारनं जायला काय हरकत, हे मला मुलीला समजावून सांगता येईना. जावईबापू गाडी छान चालवतात, एसी लावतात, मला पुढं बसवतात. पण मला तो रस्ता बायकोबरोबर जायचो त्याच गाडीवरून पुन्हा एकदा जायचा होता. मला तिची फार आठवण येते. कागदावर हे लिहून टाकता येतं. मुलीसमोर तोंडातून निघत नाही.

म्हणून जे निघालं ते असं, "दोष गाडीत आहे. माझ्यात नाही. मंडईच्या आधी काढून दाखवतो."

"अन नाई निघाला तं?"

"तर विकून टाकू गाडी."

तोंडातून गेलं. तिनं लगेच मान डोलावली. आईवर गेली आहे, शब्द पकडून ठेवते.

आता लाइनमनची एक पद्धत असते. गावात अंधार झाला की लोक सांगतात, तार बदला, डीपी बदला, सगळंच बदला. लाइनमन तसं करत नाही. तो लाइनचा एक तुकडा बंद करतो, बाकीची चालू करून बघतो, मग पुढचा तुकडा. असं करत करत दोष एका कोपऱ्यात सापडतो. मी गाडीसाठीही तेच ठरवलं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि त्याच वळणावर, त्याच वेगानं जाऊन बघायचं.

वळण मी गावाबाहेरच्या तलावाचं निवडलं. तलावाच्या पाळीवरून रस्ता आधी डावीकडे वळतो आणि लगेच उजवीकडे. दुपारी तिथं म्हशींखेरीज कोणी नसतं. तिसऱ्या गिअरमध्ये, हँडल ढिलं धरून गेलो. डाव्या वळणाला गाडी आत कोसळल्यासारखी झाली आणि कडेला गेली. उजव्या वळणाला वळायचं नाव घेईना आणि पुन्हा कडेलाच गेली. दोन्ही वेळा डावी कड. म्हशींनी एकदा माना वर करून पाहिलं.

आधी हवा पाहिली. पुढच्या चाकात कमी होती, भरली. हँडल हलकं झालं, ओढ तशीच. मग भंडाऱ्याच्या मिस्त्रीकडे गेलो. त्यानं गाडी डबल स्टँडवर लावली, पुढचं चाक उचलून हँडल हळूहळू फिरवलं. बरोबर मधोमध हँडल अडकत होतं.

"कोनसेट गेला, काका," तो म्हणाला. हँडल ज्या छर्ऱ्यांवर फिरतं त्यांनी खाली खड्डे पाडले होते. ते बदलले. पुन्हा तलावावर गेलो. वळताना बसायचा तो बारीकसा झटका गेला, ओढ तशीच. पुन्हा मिस्त्री. त्यानं मागचं टायर दाखवलं. सरळ रस्त्यावर फिरून फिरून मधलं रबर सपाट झालं होतं, गाडी झुकली की टायर एकदम काठावर बसत होतं. हेही पटलं. टायर नवं घातलं. आता गाडी झुकायची कशी लोण्यासारखी, पण झुकून जायची डावीकडेच.

तिसऱ्यांदा गेलो तेव्हा मिस्त्री हात पुसत म्हणाला, "काका, नवीन गाडीच घ्या ना आता. ही किती दिवस ओढान?"

"मी नाही ओढत, तीच ओढते," मी म्हणालो आणि किल्ली उचलली. बरा माणूस आहे, पण सगळ्यांना घाई असते.

घरी अंगणात बसून मी सुतळी लावून पाहिली. मागच्या टायरला बांधून दोन्ही बाजूंनी पुढच्या चाकापर्यंत ताणली, म्हणजे दोन्ही चाकं एका रेषेत आहेत की नाहीत ते कळतं. रेषेत होती. चेन ताणायच्या पट्ट्यांवरच्या खुणाही दोन्हीकडे सारख्या. मी तसाच गाडीमागं बसून राहिलो. खांब कलला असेल तर मला लांबून दिसतो, ती सवयच आहे डोळ्याला. पण गाडी स्टँडवर असताना चाक अधांतरी असतं, त्यावर वजन नसतं. वजन आल्यावर बघायला हवं होतं.

शेवटी त्या ओट्यावरच्या शेजाऱ्यालाच हाक मारली. दुसरं कोण मोकळं असणार? त्याला गाडीवर बसवलं, दोन्ही पाय टेकून गाडी सरळ धरायला सांगितली, आणि मागे उकिडवा बसलो. चाक डावीकडे कललं होतं. जरासंच, पण कललेलं.

"काय दिसून राहिलं?" त्यानं विचारलं.

तोवर माझं लक्ष शॉकअपकडे गेलं होतं. मागच्या चाकाला दोन बाजूंना दोन शॉकअप असतात, आणि प्रत्येकाच्या स्प्रिंगखाली पायऱ्यापायऱ्यांचं एक कडं असतं. ते फिरवून वरच्या पायरीवर बसवलं की स्प्रिंग कडक होते. दोन्हीकडे कडं एकाच पायरीवर हवं, हे कोणीही सांगेल. माझं उजवं कडं खालच्या पायरीवर होतं आणि डावं चांगलं वर. कड्याभोवती इतकी माती बसली होती की ते कोणी कालपरवा फिरवलेलं नव्हतं हे उघड होतं. आणि मग मला आठवलं, ते फिरवणारा मीच.

गाडी नवी होती तेव्हाची गोष्ट. आंबागडच्या मंडईहून परतत होतो. तिच्या मांडीवर आईनं दिलेलं गाठोडं, त्यात तांदूळ, लाखोळीची डाळ, आणखी काय काय. मोहाडीच्या अलीकडे ती मागून म्हणाली, "अवो, एकीकडं काहून कलून राहिली तुमची गाडी?"

आता डावीकडे बसलेल्या बायकोला, गाठोड्यासकट, खरं कारण सांगायची हिंमत कुठल्या नवऱ्यात असते? मी म्हणालो, रस्ताच उतरता आहे. घरी आल्यावर ती भांडी घासत असताना मी टूलकिटमधला वाकडा पाना काढला आणि डावं कडं वर चढवलं. स्वतःच्या हुशारीवर इतका खूश झालो की काय सांगू. पुढच्या खेपेला ती म्हणाली, "आता ठीक वाटते. काय केलं?"

"काही नाही. रस्ता सुधारला."

ती हसली. माझ्या खांद्यावरचा तिचा हात हलला म्हणून मला कळलं. नंतर तिनं ते वाक्य जे धरलं ते सोडलंच नाही. माझ्या हातचा चहा बरा झाला, मुलीला गणितात चांगले मार्क पडले, मी एखाद्या दिवशी न चिडता जेवलो, की ती म्हणायची, "रस्ता सुधारला वाटते." तिला सगळं कळलं होतं, हे मलाही कळलं होतं. माझं पाहून गावातल्या आणखी दोघातिघांनी आपापली डावी कडी चढवली. चूकच होती ती, पण बायको मागे असेपर्यंत चालून जाणारी.

शेजारी अजून गाडीवरच बसून होता. "उतरू का?" म्हणाला. मी त्याला चहा पाजला. मग तो गेला आणि मी पाना घेऊन गाडीजवळ बसलो.

कडं खाली आणायला काही कष्ट नव्हते. पण हात चालेना. तिच्या साड्या बहिणींना देऊन झाल्या होत्या. चष्मा मुलीनं नेला. पलंग भिंतीकडे सरकवला, कारण एकट्याला मध्ये कशाला लागतो. घरातल्या सगळ्या वस्तूंना ती गेल्याचं कळलं होतं, आणि हे एक लोखंडी कडं मात्र तिच्या वजनाची वाट बघत वर चढून बसलेलं होतं. मी पाना परत ठेवला. दुसऱ्या दिवशी काढला, पुन्हा ठेवला. असे बरेच दिवस गेले. शेतांत धान पिवळं पडलं, दिवाळी आली आणि गेली, मुलगी फोनवर विचारायची, "निघाला का दोष?" मी म्हणायचो, शोधतो आहे. सापडला होता, काढवत नव्हता.

मग एका सकाळी स्वतःचाच वैताग आला. मी मंडईला गाडीवरून जाऊ शकलो नसतो तर तिला ते आवडलं असतं का? तिनं मला झापलं असतं. माती खरवडली, तेल सोडलं, आणि डावं कडं उजव्याच्या बरोबरीला आणून ठेवलं. फिरताना ते करकरलं. मी तिथंच अंगणात बसून रडलो, अगदी आवाज करून. शेजाऱ्यानं ऐकलं असेल. ऐकू दे.

तलावावर गेलो तर गाडी पुष्कळ सुधारली होती. पण ओढ गेली नव्हती. थोडी होतीच. आता मात्र मी हबकलो. हवा, कोनसेट, टायर, चेन, शॉकअप, एकेक तुकडा तपासून झाला होता. लाइनमध्ये कुठंच दोष उरला नव्हता आणि दिवा अजून लुकलुकत होता. मंडई दोन-चार दिवसांवर आली होती. गाडी आता जाणार, असं मी मनाशी धरून चाललो.

मुलगी सुट्टीच्या दिवशी आली. "चला, दाखवा मले," म्हणाली. मी गाडीवर, ती तिच्या स्कूटीवर माझ्या मागे. पाळीवरची दोन्ही वळणं घेतली. परत फिरून पुन्हा घेतली. तिनं हॉर्न वाजवून मला थांबवलं आणि स्कूटी बाजूला लावून चालत आली. नर्स आहे, कोण कसं बसतं, कसं उठतं, याकडे तिचं फार लक्ष असतं.

"बाबा, गाडी ठीक हाय. तुमीच वाकडे बसता."

"मी? मी कशाला वाकडा बसतो?"

"मी मांगून पाहून राहिली ना. तुमची कंबर उजवीकडं सरकली हाय, उजवा खांदा खाली. पूर्ण रस्ताभर तसेच बसले तुमी. आई मांगं बसली असल्यावानी."

 आपण काय बोललो ते तिला बोलल्यावर कळलं. तलावात कोणीतरी शिंगाडे काढत होतं, आम्ही दोघं तिकडे बघत उभे राहिलो.

बरोबर होतं तिचं. मागचं माणूस सगळं डावीकडे बसलेलं असलं की पुढच्यानं जरासं उजवीकडे व्हायचं, त्याशिवाय गाडी तोल धरत नाही. हे मला कोणी शिकवलं नव्हतं आणि मी करतो हे मला माहीतही नव्हतं. इतकी वर्षं तिच्यासाठी बाजूला होऊन बसलो आणि ती गेल्यावरही माझ्या अंगानं तिची जागा सोडली नव्हती. मी उजवीकडे वाकायचो म्हणून माझ्याखाली गाडी डावीकडे कलायची. शेवटचा दोष मीच होतो.

"बसा," मुलगी म्हणाली. ती माझ्या मागे बसली, दोन्हीकडे पाय टाकून, हल्लीच्या मुली बसतात तशी. दोन्ही हातांनी तिनं माझी कंबर धरली आणि पेशंटला सरळ करतात तसं मला डावीकडे सरकवलं. "अजून. अजून थोडं. हां, आता सरळ हाय."

मला ते सरळ वाटेना. मला वाटलं, मी आता डावीकडे पडणार. आणि खरं सांगायचं तर मला वाटलं की मी कोणाला तरी सीटवरून ढकलतो आहे. तरी तसाच गेलो. डावं वळण आलं, गाडी आत कोसळली नाही. उजवं आलं, जेवढं झुकवलं तेवढीच झुकली आणि रस्त्याच्या मधोमध राहून बाहेर पडली. मुलीचे हात माझ्या कमरेवर घट्ट होते. पाळ संपेपर्यंत तिनं ते सोडले नाहीत. मग म्हणाली, "नाई विकायची गाडी."

मंडईच्या दिवशी मी पुढं गाडीवर आणि मागून जावयांची कार. मुलीनं एवढी अट घातलीच. तुमसर सोडल्यावर रस्त्याला झाडी लागते, मग वळणं लागतात. प्रत्येक वळणाआधी मी आठवणीनं सरकून मधोमध बसायचो. आंबागडच्या अलीकडचं शेवटचं वळण, जिथं बायको कायम माझा खांदा दाबून "हळू" म्हणायची, ते तर इतकं सुरेख निघालं की मी मान मागे वळवली. तिला विचारणार होतो, कसं वाटलं म्हणून. मागे रिकामी सीट होती. रस्ता सुधारला आहे गं, मी मोठ्यानं म्हणालो. हेल्मेटमध्ये माझा मलाच आवाज घुमला.

मेहुण्याकडे गाडी उभी केली तेव्हा त्याची बायको पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली आणि सवयीनं माझ्या मागे बघितलं. मग पदर तोंडाशी धरून आत गेली. जेवणं झाली, दंडार बघितली, ओळखीचे सगळे भेटले आणि प्रत्येकानं तिचं नाव काढलं. मला ते बरं वाटलं. कारध्यात लोक माझ्यासमोर तिचं नाव टाळतात.

निघताना मेहुण्यानं नेहमीप्रमाणे पिशवी दिली, पोपटाच्या म्हणजे वालाच्या शेंगा आणि नवे तांदूळ. मुलगी म्हणाली, आणा, कारमध्ये ठेवते. मी दिली नाही. गाडीच्या डाव्या बाजूला अडकवली.

परतीला ऊन कलतं होतं. वळणांवर मी मुलीनं शिकवल्याप्रमाणे बसलो, एकही चुकवलं नाही. मोहाडीच्या पुढं रस्ता लांबलचक सरळ झाला, दोन्हीकडे कापलेल्या धानाच्या बांध्या, म्हणजे खाचरं. तिथं मी हळूच उजवीकडे सरकलो आणि तिला जागा करून दिली. आरशात मागची कार दिसत होती. मुलगी नक्कीच बघत असणार, पण हॉर्न वाजला नाही.

अजूनही तसंच करतो. वळण आलं की सरळ बसतो. सरळ रस्त्यावर पडायची भीती नसते, तिथं ती माझ्यामागे बसते.